आजीचा टाकळा

प्रिय मनू,

"आजी बांधावरचं गवत खुडून त्याची भाजी का करते? बाजारात मेथी मिळते ना!" असं तू कोकणातल्या आपल्या गावाहून, आचऱ्याहून, विचारलंस. आई हसली, पण प्रश्न रास्त आहे.

ते गवत नव्हे, टाकळा. पहिला पाऊस पडला की बांधावर, माळावर, वाटेच्या कडेला तो आपोआप उगवतो. कोणी पेरत नाही, कोणी खत घालत नाही. तू म्हणतेस ती मेथी थंडीतली. भर पावसात ती घाटावरून आचऱ्याला येईपर्यंत अर्धी सडलेली असते. आपल्या कुणग्यांत, म्हणजे भातखाचरांत, तेव्हा भात उभा, आणि जून-जुलैत यांत्रिक होड्या बंद म्हणून मासळीही कमी. मग ताटात हिरवं काय वाढायचं? टाकळा, भारंगी, फोडशी, कुर्डू. आजीच्या आजीनेही हेच केलं.

आता भाजी, कारण परत आल्यावर तुला ती मस्कतच्या स्वयंपाकघरात करायची आहे असं आजी म्हणाली. कढईत चमचाभर तेल, त्यात ठेचलेली लसूण आणि दोन हिरव्या मिरच्या. कांदा बारीक चिरून घाल, तो मऊ झाला की पाला. पाणी घालायचं नाही, धुतलेल्या पाल्याचं अंगचं पाणी पुरतं. मीठ आधी टाकू नकोस. ढीगभर पाला आळून मूठभर होतो, आणि आधीच्या अंदाजाने टाकलेलं मीठ जास्त होतं. झाकणही ठेवू नकोस. पानातली आंबट वाफ आतच कोंडली की हिरवा रंग काळवंडतो. शेवटी आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, खवलेलं ओलं खोबरं, की झालं. घरात फणसाच्या आठळ्या असतील तर आजी त्या उकडून, चेचून घालते. मला विचारशील तर खरी भाजी तीच.

गरम मसाला का नाही, हेही तू विचारशीलच. टाकळा किंचित कडसर असतो आणि त्याला स्वतःचा वास असतो. मसाला घातला तर खायचं काय, मसालाच ना? खोबरं त्या कडूपणाला सांभाळून घेतं. पालेभाजीत लोह असतं, म्हणून जेवताना वर लिंबू पिळ. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने ते अंगी लागायला मदत होते.

ही भाजी चुलीवर दहा मिनिटांत होते, पण निवडायला अर्धा तास जातो, आणि तो अर्धा तास आजीचा असतो. नुसती कोवळी टोकं खुडायची, जून देठ टाकायचे, कीड बघायची, मातीसाठी तीनदा धुवायचं. म्हणून खळ्यात, म्हणजे अंगणात, ती पाला घेऊन बसली की मोबाइल ठेवून तिच्याशेजारी बस. श्रावण सरत आला की टाकळ्याला पिवळी फुलं येतात, पाला राठ होतो आणि तो कोणी खात नाही. तेव्हा किती दिवस खुडायचं ते पालाच ठरवतो.

एक मात्र पक्कं लक्षात ठेव: एकटीने खुडायचं नाही. टाकळ्याच्या देठावर गोलसर पानांच्या तीन जोड्या असतात आणि रात्री त्या मिटतात. कासविंदा त्याच्यासारखाच दिसतो, पण त्याची पानं टोकदार असतात आणि त्याच्या बिया विषारी. आजीने बघून हो म्हटलं तरच पाला टोपलीत. जिथे तणनाशक मारलंय त्या बांधावरचा तर अजिबात नको.

इथे मस्कतला टाकळा मिळणार नाही. पण घोळीच्या जुड्या भाजीवाल्याकडे असतात, ज्या तिकडे लोक तण म्हणून उपटून टाकतात. मुळ्याचा पालाही चालतो, तो जरा जास्त वेळ परतून घे.

गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं असेल. त्या दिवशी शेवग्याची पानं देठावरून ओरबाडून द्यायचं काम तू माग. काका फांदी तोडून देईल, तू झाडावर चढू नकोस, शेवगा पटकन मोडतो.

तुझा,
बाबा