लष्कराच्या रसद तुकडीत परदेशी गेलेल्या जवानाचा दिवस कसा जातो? घरची खबर त्याला कशी लागते?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी लिहिलंय की त्यांचा धाकटा भाऊ आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये आहे आणि यूएनच्या मिशनवर दक्षिण सुदानला निघालाय. 'तो काही लढणाऱ्यांत नाही, फक्त रेशनवर आहे' असं म्हणून घरचे एकमेकांना धीर देतायत. हे लोक दिवसभर करतात काय आणि घरचं त्यांना कळतं कसं, हे त्यांना हवंय.

मी सुदान पाहिलेला नाही. पण 1988-89 साली भारताने श्रीलंकेत पाठवलेल्या शांतिसेनेबरोबर तिथे होतो, त्रिंकोमालीच्या सप्लाय डेपोत. वडील मुंबईत गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर ते घरी बसले ते बसलेच, आणि मी भरतीच्या रांगेत उभा राहिलो. बंगळूरला ट्रेनिंग झालं आणि हातात तराजू आला. चाळीत सगळे विचारायचे, बंदूक कधी देणार?

ताई, आधी त्या 'फक्त रेशनवर'चं बोलू. ट्रेनिंगला आमचे उस्ताद कुतची गोष्ट सांगायचे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कुत गावाला तुर्कांनी वेढा घातला, डिसेंबर 1915 मध्ये. आत इंग्रजांची फौज होती, तीत आपल्या मराठा पलटणीही होत्या, 103, 110 आणि 117 नंबरच्या. शेवटी घोडे कापून खायची पाळी आली. 29 एप्रिल 1916 ला सगळ्यांनी हत्यारं खाली ठेवली, कारण पोटात काही उरलं नव्हतं. गोष्ट संपली की उस्ताद आमच्याकडून बटाट्याची पोती मोजून घ्यायचे.

आमचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. चेन्नईहून, म्हणजे तेव्हाच्या मद्रासहून, जहाजाने माल यायचा: पीठ, तांदूळ, डाळ, तेल, साखर, कांदे, बटाटे. आणि जिवंत बकरे. सहाच्या सुमारास पलटणींच्या रेशन पार्ट्या इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, घेऊन हजर. कुणाचे किती शाकाहारी, कुणाला झटका, कुणाला हलाल, शाकाहाऱ्यांना मटणाच्या बदली दूध किती, सगळा हिशोब उभ्या उभ्या. त्रिंकोमालीची हवा आपल्यासारखीच दमट, त्यामुळे मला घामाचं काही वाटलं नाही, पण राजस्थानची पोरं पहिला महिनाभर अंगाला पावडर थापत फिरायची. हवेचा खरा मार बटाट्याला. एक पोतं आतून नासलं की दोन दिवसांत शेजारची चार जातात. नाकाने ओळखायचं, पोतं उपडं करायचं आणि हाताने एकेक बटाटा वेगळा काढायचा. सडका बटाटा बोटांत फुटला की तो वास साबणाने जात नाही. राखेने थोडा जातो. मग नासलेल्या मालावर बोर्ड बसायचं. अधिकारी येऊन वजन बघणार, सही करणार, मग खड्डा आणि चुना. नाहीतर तो माल आमच्याच पगारातून.

दुपारी शांत. कपडे, पत्रं, झोप. संध्याकाळी व्हॉलीबॉल, मग रोल कॉल, म्हणजे हजेरी.

आता खबरीचं. फौजेत 'लंगर गप' म्हणून शब्द आहे. लंगर म्हणजे भटारखाना. तिथे भाकरी शेकताना ज्या बातम्या शेकल्या जातात त्या लंगर गप. कोण बदलून चाललंय, कुणाची रजा कापली, कोणत्या साहेबांचं मेमसाहेबांशी वाजलंय, पलटण परत कधी जाणार. आमच्या डेपोत ही गप सगळ्यात ताजी, कारण गाड्या सगळीकडे फिरायच्या. ड्रायव्हर हेच आमचं वर्तमानपत्र. सकाळी पिठाबरोबर बातमी जायची, रात्री रिकाम्या पोत्यांबरोबर दुसरी यायची, आणि रेशन वाटणारा म्हणून ती आधी माझ्या कानावर. दिल्लीहून 'सैनिक समाचार' यायचा तोही मराठीत, पण शिळा होऊन. (हा पाक्षिक 1909 मध्ये 'फौजी अखबार' नावाने निघाला, 1954 मध्ये नाव बदललं. जुने सुभेदार तेव्हाही अखबारच म्हणायचे.)

पण या ड्रायव्हरांच्या वाटेवर सुरुंग असायचे, तमिळ वाघांनी रस्त्यातल्या मोऱ्यांखाली, म्हणजे छोट्या पुलांखाली, पेरलेले. सकाळी रस्ता उघडणारी पार्टी एकेक मोरी तपासत पुढे जायची आणि तिच्या मागून आमच्या गाड्या. एका दिवशी तीन गेल्या, दोन आल्या. त्या रात्री लंगरात कुणी गप मारली नाही. श्रीलंकेत आपली सुमारे बाराशे माणसं गेली आणि त्यांत पिठाच्या गाड्या हाकणारेही होते. तुमच्या भावाची मोहीम वेगळी आहे, तिथे आपण कुणाशी लढायला गेलेलो नाही. तरी घरात 'फक्त' हा शब्द वापरू नका, त्याला लागेल.

पत्ता असायचा केअर ऑफ 56 एपीओ, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. त्यात गाव नाही, देश नाही. आई चाळीत सांगायची, पोरगा छप्पन नंबरला आहे. पत्र यायला दहा दिवसही लागत आणि महिनाही. आलं की आधी एकट्याने वाचायचं, मग मोठ्याने, कारण ऐकायला माणसं बसलेली असायची. आम्ही मराठी सहाजण. कोल्हापूरच्या एकाच्या घरी म्हैस व्यायली ती बातमी आम्ही सहाही जणांनी आपल्या घरी कळवली होती.

माझ्या बाबतीत मात्र लंगर गपीने घोटाळा केला. 1989 च्या पावसाळ्यात बायको बाळंत होणार होती, डिलाईल रोडला. भावाने तार केली, इंग्रजीत, पोस्टातल्या बाबूने लिहून दिलेली: 'वाइफ डिलिव्हर्ड बोथ फाइन'. ती कुठल्याशा मुख्यालयात पोचली आणि तिथून आमच्याकडे फील्ड टेलिफोनवर वाचून दाखवली गेली. हँडल फिरवायचा फोन, त्यात खरखर. आमच्या ऑपरेटरने ऐकलं 'बॉय फाइन'. मला कळायच्या आत लंगरात कळलं होतं. मी बटाट्याच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बसलो होतो आणि एक सरदारजी ड्रायव्हर धावत आला, 'ओये, मुंडा हुआ!' संध्याकाळी कढई चढली, जिलब्या झाल्या. रमचा माझा वाटा मी कुणाकुणाला दिला आठवत नाही. एका सुभेदार साहेबांनी नावही सुचवलं.

अकरा दिवसांनी बायकोचं पत्र आलं. पहिलंच वाक्य, 'तुमची मुलगी तुमच्यासारखीच रात्रभर जागी असते.'

मी तसाच क्लार्ककडे गेलो, कारण मुलगा झाल्याचं मी त्याला लिहायला सांगून आलो होतो. तर त्या केरळी क्लार्कने काही लिहिलंच नव्हतं. म्हणाला, महानगरपालिकेचा जन्मदाखला आल्याशिवाय मी पार्ट टू ऑर्डर काढत नाही, गप कागदावर चढवत नाही. तेव्हा राग आला होता. पुढे त्याचे आभार मानले. जिलबीचं विचाराल तर लंगरातल्यांनी पुन्हा केली, म्हणाले पहिली मुलाची होती, मुलीची राहिलीय.

ही पार्ट टू ऑर्डर काय ते तुम्ही जाणून घ्याच, कारण घरच्यांना ठाऊक नसते. जवानाचं लग्न, मूल, आई-वडिलांचा मृत्यू, बढती, रजा, सगळं त्यात अधिकृत नोंदलं जातं. आणि गंमत म्हणजे अशा प्रत्येक नोंदीला फौजेचे कागद 'कॅज्युअल्टी' म्हणतात. बायकोला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिने देवापुढे दिवा लावला होता. तुमच्या वहिनीचं नाव, मुलांच्या जन्मतारखा आधार कार्डावर आहेत तशाच तिथे आहेत का, हे भाऊ निघण्याआधी बघून घ्यायला सांगा. एका अक्षराचा फरक राहिला तर पुढे पेन्शनच्या आणि दवाखान्याच्या कार्डाच्या वेळी फेऱ्या मारत बसावं लागतं. मी मारल्यात.

सणांचंही सांगतो. 1988 ला आम्ही सहाजणांनी दीड दिवसाचा गणपती बसवला. वारुळाची माती आणून एका सुताराने मूर्ती केली, सोंड जरा आखूड झाली. मोदकांना तांदळाची पिठी हवी, ती डेपोत कुठून असणार? बाजारात एका तमिळ बाईच्या दुकानात खुणा करकरून सांगितलं. हाताने कळी पाडून दाखवली, तशी ती हसली आणि म्हणाली, 'कोळुकट्टै!' त्यांच्याकडेही पिल्लैयारला, म्हणजे गणपतीला, हाच नैवेद्य. पिठी दिली, नारळ दिला आणि गूळ म्हणून ताडगूळ. त्याने सारण काळंकुट्ट झालं आणि चवीला थोडं धुरकट. दोन मोदक तिला नेऊन दिले. तिने घेतले, पण दुकानाच्या आत जाऊन, कुणी बघत नाही ना ते पाहून. आमच्याशी बोलणंही तेव्हा त्यांना महागात पडू शकत होतं.

आता सुदानचं, माझ्या ओळखीतली दोन पोरं जाऊन आलीत त्यावरून. मिशन साधारण वर्षभराचं. रेशन यूएनच्या ठेक्यातून येतं, थंड कंटेनरमध्ये, त्यामुळे आमच्यासारखं बटाट्यांशी लढावं लागत नाही. खरी लढाई पावसाशी. तिथली माती आपल्या विदर्भासारखी काळी, पाऊस लागला की रस्ते महिनोन्महिने बंद, मग मलाकालसारख्या ठिकाणी नाईलवरून बार्ज, म्हणजे मालाच्या सपाट बोटी, नाहीतर हेलिकॉप्टर. माल वेळेत मागवून ठेवला नाही तर सगळी तुकडी डाळीवर. त्यामुळे तुमचा भाऊ निवांत नसेल.

फोन आता रोज होतो. आपण साडेतीन तास पुढे, म्हणजे आपले रात्रीचे नऊ तेव्हा त्यांचे साडेपाच. रोल कॉल आणि जेवणाच्या आधीची ती वेळ बरी. कुठे चाललास, गाड्या कधी निघणार, हे विचारू नका, तो सांगणार नाही आणि त्याला वाईटही वाटेल. 'सगळं ठीक आहे'वरही थांबू नका. पाणी किती वाजता आलं, खालच्यांच्या पोराने कुणाशी पळून जाऊन लग्न केलं, लोकलला आज काय झालं, हे सांगा. रात्री लंगरात त्याला द्यायला काहीतरी लागतं.

कुणी जाणारं असेल तर गोडा मसाला पाठवा, पण झाकणाला चिकटपट्टी लावून. आमच्या सहाजणांतल्या एकाच्या आईचा डबा टपालाच्या थैलीत फुटला होता. त्या आठवड्यात सरदारजीच्या बायकोचं पंजाबी पत्रसुद्धा धण्या-खोबऱ्याच्या वासाचं आलं. त्याने ते हुंगलं आणि मला विचारलं, 'ये तेरे घर से आया है क्या?'