शिशाची बाधा आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या

प्रश्न : माझे पती नागपुरात जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वेगळे करण्याचे काम करतात. ‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेतल्या की शिसे बाधत नाही, असे त्यांचे सहकारी सांगतात. आमच्या ४ वर्षांच्या मुलालाही त्या द्याव्यात का?

उत्तर : गोळ्यांचा विचार नंतर करावा, आधी बाप-लेक दोघांच्याही रक्तातील शिशाचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासून घ्यावे.

सहकाऱ्यांचे म्हणणे सर्वस्वी निराधार नाही. शिसे पेशींचे रक्षण करणाऱ्या ग्लुटाथायोनला निकामी करते, हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) अडवते आणि त्यातून पेशींना इजा करणारे जे ऑक्सिडीकरण वाढते, त्याला ही दोन्ही जीवनसत्त्वे काही अंशी आवर घालतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. माणसांतील पुरावा मात्र बराच तोकडा आहे. शिवाय शरीरात गेलेले शिसे मुख्यतः हाडांत साठते आणि तेथे दशकानुदशके राहते. या गोळ्यांच्या भरवशावर ते बाहेर पडेल, असे मानता येत नाही. ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने मूतखड्याचा धोका वाढू शकतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर तो विशेष ध्यानात ठेवावा.

मुलाची मला अधिक काळजी वाटते. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढाचे शरीर साधारण दहावा भाग शोषते, तर लहान मुलाचे जवळजवळ निम्मे. लोह आणि कॅल्शियम कमी असल्यास हे शोषण आणखी वाढते. म्हणून त्याला दूध, डाळी, पालेभाज्या आणि जेवणासोबत संत्रे, पेरू किंवा आवळा द्यावा, कारण ‘क’ जीवनसत्त्वामुळे अन्नातील लोह चांगले शोषले जाते.

घरात शिसे येते ते बहुधा कपड्यांवरच्या धुळीतून. पतींनी कामाच्या जागीच आंघोळ करून कपडे बदलावेत, ते कपडे वेगळे धुवावेत आणि घरात कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे. कामावर खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) खाण्याची सवय असेल, तर ती आजच सोडावी, कारण हातावरचे शिसे त्याबरोबर थेट पोटात जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार, रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळल्यास त्याचा स्रोत शोधून थांबवावा. मुलांमध्ये ते ४५ किंवा त्याहून अधिक असल्यास शिसे बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे द्यावी लागतात. ती औषधे केवळ डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावीत, आणि उपचारानंतरही घरातील धूळ तशीच राहिली, तर मुलाच्या रक्तातील शिसे पुन्हा वाढते.