आठवड्याला एकच भाग

न्यू जर्सीहून आलेल्या पत्रात पाच प्रश्न आहेत. चारांची उत्तरं शेवटी थोडक्यात देते, कारण माझं मन पाचव्यातच अडकलंय. पत्रातला तो उतारा असा:

"आमच्याकडे चार ॲपचे पैसे जातात, तरी एकत्र बसून बघणं होत नाही. मुलगा सोळा वर्षांचा, परवा त्यानं आठ भागांची मालिका एका रात्रीत संपवली. मुलगी अकराची, ती आयपॅड घेऊन पांघरुणात. हे बाहेरच्या खोलीत मॅच लावतात, मी इयरफोन लावून ओट्याशी माझी मराठी मालिका बघते. सासूबाई नागपूरला एकट्या असतात. रविवारी फोन लावला की मुलं 'हाय आजी' म्हणून पळतात आणि मग माझ्याजवळही बोलायला काही उरत नाही. जेवलात का, ऊन किती आहे, झालं."

आपण दोघी नागपूरच्याच, तू त्रिमूर्तीनगरची लेक, मी महालातली. बावीस वर्षं मेलबर्नला काढून आता परत इथं आलेय, म्हणून तुला 'तू'च म्हणते. "ऊन किती आहे, झालं" हे वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवला. माझ्या बाबांशी माझं हेच बोलणं कित्येक वर्षं चाललं होतं. मे महिन्यात ते म्हणायचे पंचेचाळीस, मी म्हणायचे काळजी घ्या, आणि फोन बंद.

तुझं दुखणं मला कळतं. पण मुलांना बोल लावण्याआधी तुझंच पत्र पुन्हा वाच. घरात चार माणसं चार ठिकाणी आहेत आणि त्यातली एक, इयरफोन लावून ओट्याशी उभी, तू आहेस.

या सदराच्या जुन्या वाचकांना माझं म्हणणं पाठ झालं असेल, तरी पुन्हा लिहिते. मालिका म्हणजे नुसते भाग नव्हेत. दोन भागांच्या मधला जो काळ असतो, तोही मालिकेचाच असतो, आणि घरातली माणसं त्या काळातच एकमेकांशी बोलतात.

२५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर रामायण सुरू झालं, दर रविवारी सकाळी साडेनऊला. आमच्या वाड्यात बिऱ्हाडं सात आणि टीव्ही एक, तोही आमच्याकडे नव्हता. ३१ जुलै १९८८ पर्यंत ७८ भाग झाले, म्हणजे दीड वर्ष. पडद्यावर काय दिसलं यापेक्षा मला नंतरचं जास्त आठवतं. दुपारी भांडी घासताना कैकेयीवरून आई आणि काकू यांची जुंपायची. सोमवारी बर्डीला कापड घ्यायला गेलं तर दुकानदारही तोच विषय काढायचा. गुरुवारपर्यंत आजीचं मत बदललेलं असायचं, आणि ते का बदललं हे ती सगळ्यांना बसवून सांगायची. एका भागावर सात बिऱ्हाडं सात दिवस काढायची.

१ फेब्रुवारी २०१३ ला नेटफ्लिक्सनं 'हाऊस ऑफ कार्ड्स'चे तेराही भाग एकाच दिवशी प्रेक्षकांपुढे ठेवले, आणि तेव्हापासून तीच रीत पडली. लिहिणाऱ्यांचं लिहिणंही बदललं. आठ दिवसांनी येणाऱ्या माणसाला मागचं आठवावं लागतं, म्हणून पूर्वी प्रत्येक भागाला स्वतःचं तोंड आणि शेपूट असायचं. आता एकच लांबलचक गोष्ट आठ तुकड्यांत कापलेली असते. पुढचा भाग तर आपण बोट न लावताच काही सेकंदांत सुरू होतो. तुझ्या मुलाचा दोष आहेच, पण रात्री दोन वाजता एखादा सोळा वर्षांचा पोरगा थांबू नये अशीच ती व्यवस्था केलेली आहे.

शीर्षकगीत वगळायचं बटण आलं त्याचंही मला फार वाईट वाटतं. मराठी घरात शीर्षकगीत म्हणजे बोलावणं असायचं. ते वाजलं की कुणीतरी ओरडायचं, "अगं, सुरू झालं!" मग आतली बाई गॅस बारीक करून हात पुसत यायची. ते गाणं गेलं आणि माणसं गोळा व्हायला लागणारी दोन मिनिटंही गेली.

आता माझ्या घरचं सांगते. २०२० च्या टाळेबंदीत बाबा महालात एकटे आणि आम्ही मेलबर्नला अडकलेले. २८ मार्चपासून दूरदर्शनवर रामायण पुन्हा लागलं, सकाळी नऊला आणि रात्री नऊला. सकाळचा भाग लागायचा तेव्हा आमच्याकडे सुरुवातीला दुपारचे अडीच वाजलेले असत. बाबा तिवईवर मोबाइल टेकवून त्याचं तोंड टीव्हीकडे करून ठेवायचे. चित्र अर्धं दिसायचं आणि कूलरच्या घरघरीत संवाद बुडायचे. तरी मी आणि माझा मुलगा रोज बसायचो.

भरत चित्रकूटला जाऊन पादुका घेऊन परत येतो तो भाग झाला. एरवी बाबा लगेच फोन उचलून "बरं, ठेवतो" म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, "पाहून राहिली ना तू? मी दादाशी एकोणतीस वर्षं बोललो नाही." वाड्याच्या वाटणीवरून दोघा भावांचं फाटलं होतं एवढंच मला माहीत होतं. त्या दुपारी बाबांनी सगळं सांगितलं. त्यांची चूक कुठे झाली हेसुद्धा. माझा मुलगा शेजारी बसून ऐकत होता, आजोबांचं एवढं लांब बोलणं तो पहिल्यांदाच ऐकत होता. दुसऱ्या दिवशी बाबांनी वर्ध्याला काकांना फोन केला. पुढच्या वर्षी काका गेले. त्याआधी दोघं भाऊ रोज बोलत होते.

"बाबा, तुमचं भावाशी का बिनसलं?" असं मी कधीच विचारू शकले नसते. आपल्या माणसांना आडून बोलायला एखादी गोष्ट लागते. तुझ्या सासूबाईंनी कधी सांगितलं की मालिकेतली सून फोनच करत नाही, तर ते ऐकून सोडून देऊ नकोस गं.

म्हणून तू असं कर. तुमच्याकडे रविवारी सकाळी साडेनऊ वाजतात तेव्हा नागपूरला संध्याकाळचे सात. तीच वेळ धर. एक मालिका, एक भाग, दोन्हीकडे एकाच वेळी. पहिली मालिका मुलाला निवडू दे. त्यानं ती आधीच पाहिलेली असली तरी चालेल, फक्त पुढचं सांगायचं नाही अशी ताकीद दे. कोरियन मालिका हव्या असतील तर त्यातल्या बऱ्याच हिंदीत मिळतात, आजींना त्या नक्की आवडतील. प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक वेगळे असतात, तेव्हा दोन्हीकडे दिसते का हे आधी बघून घे. नेटफ्लिक्सवर प्रत्येकाच्या प्रोफाइलमध्ये जाऊन पुढचा भाग आपोआप सुरू होणं बंद करता येतं, ते आजच कर. शीर्षकगीत पूर्ण वाजू दे. भाग संपला की टीव्ही बंद, मग सासूबाईंना फोन, आणि पहिला प्रश्न अकरा वर्षांच्या लेकीनं विचारायचा.

मुलगा कुरकुर करेल. त्याला सांग की कंपन्याही आता बऱ्याच मालिका आठवड्याला एक भाग अशाच देतात. एका महिन्यात सगळं बघून वर्गणी बंद करणारी माणसं त्यांना परवडत नाहीत. त्यांनी पैशासाठी जे केलं ते आपण आजीसाठी करू.

राहिलेले चार प्रश्न. नागपूरला तुमचा पासवर्ड चालत नाही, कारण २०२३ पासून नेटफ्लिक्स एका घराबाहेर खातं वापरू देत नाही. सासूबाईंना तिथलं वेगळं घेऊन दे, भारतात ते बरंच स्वस्त पडतं. चार ॲपपैकी दोन बंद कर. मालिका बघून मुलांचं मराठी सुधारेल का, तर कानाला वळण लागेल, बोलणं आजीशीच बोलून येईल. आणि मॅच बघत रात्री जागणाऱ्या तुझ्या नवऱ्याबद्दल वेगळं लिही, तो विषय मालिकांचा नाही.

हो, एक राहिलं. नोव्हेंबरात तुमची घड्याळं मागे गेली की तुमचे साडेनऊ म्हणजे इथले आठ होतील. ते सासूबाईंना आठवडाभर आधी सांगून ठेव, नाहीतर त्या सातपासून फोन घेऊन बसतील.