पैठणी कुणाच्या मनाने घेतली?

प्रश्न : मी नाशिकमध्ये एमबीए करते. प्रकल्पासाठी सिडको आणि इंदिरानगरमधल्या भिशीच्या बायकांकडून प्रश्नावली भरून घेतली. ‘मैत्रिणींमुळे पैठणी घेतली का?’ या प्रश्नावर जवळपास सगळ्यांनी ‘नाही, माझ्या आवडीने’ असंच लिहिलं. पण एकाच भिशीतल्या चौघींनी गेल्या लग्नसराईत मुनिया काठाची पैठणी घेतली आहे! गटाचा प्रभाव नाही, असा निष्कर्ष काढू का? – एक विद्यार्थिनी

उत्तर : नका काढू. बायका खोटं बोललेल्या नाहीत. तुमच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणायचं तर ‘मला स्वतःची आवड नाही’ असं कबूल करावं लागतं. घरोघरी मुलाखती घेण्यात माझी बरीच वर्षं गेली. ‘कुणामुळे’ असं थेट विचारलं की समोरचा माणूस सावध होतो, हे नेहमीचंच.

प्रभाव दोन तऱ्हेचा असतो. हा फरक डॉइच आणि जेरार्ड या मानसशास्त्रज्ञांनी 1955 मध्ये मांडला : एक माहितीसाठी दुसऱ्याकडे बघणं, दुसरं पसंती मिळावी म्हणून वागणं. येवल्याला गेल्यावर मैत्रीण पदर उलटा करून दाखवते, मागे सुटे धागे लोंबतायत का बघ म्हणते, जरतार शुद्ध की ‘टेस्टेड’ (म्हणजे शुद्ध नसलेली) ते विचारायला लावते. हा पहिला प्रकार, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. ‘भिशीत नेसली तर काय म्हणतील’ हा दुसरा.

बिअर्डन, नेटमेयर आणि टील या ग्राहकवर्तनाच्या अभ्यासकांनी 1989 मध्ये हे मोजायला 12 विधानांची श्रेणी, म्हणजे मोजपट्टी, तयार केली. 8 विधानं पसंतीची, 4 माहितीची. प्रत्येकाला आपण कितपत सहमत, एवढंच सांगायचं. ‘कुणामुळे’ हा शब्दच नाही. तिचं शब्दशः भाषांतर मात्र करू नका, आपल्या बायका बोलतात तसं लिहा : ‘भारी साडी घेण्याआधी मी जाणकार बाईला विचारते’, ‘चारचौघींना आवडेल याची खात्री असल्याशिवाय मी भारी साडी घेत नाही’. दोन्हींचे गुण वेगळे मांडा. एकत्र केलेत की नेमकं हवं तेच हरवेल.

भिशीबद्दलचा आपलेपणा हे तिसरंच. त्यासाठी मानसशास्त्रज्ञ ॲरन आणि सहकाऱ्यांची 1992 ची वर्तुळं वापरा : दोन वर्तुळांच्या 7 जोड्या, पहिलीत ती सुटी, शेवटचीत जवळजवळ एकमेकांत मिसळलेली. मुळात ती दोन माणसांच्या जवळिकीसाठी होती, पुढे गटांसाठीही वापरली गेली. ‘ही तुम्ही, ही तुमची भिशी’ एवढं सांगायचं. पंचवटीतल्या एका आजींनी चष्मा न शोधता थेट शेवटच्या जोडीवर बोट ठेवलं होतं. आणि त्याच आजी म्हणाल्या, ‘मैत्रिणीच्या रंगाची मी कशाला घेऊ? शोभतं का ते!’

हे नीट लक्षात घ्या. आपलेपणा जास्त म्हणजे साडी सारखी, असं गणित नसतं. पैठणी घ्यायची हे भिशीत ठरू शकतं, रंग मात्र जिचा तिचा. वस्तू घेण्यावरचा प्रभाव आणि त्यातल्या निवडीवरचा प्रभाव वेगळा मोजावा, हे बिअर्डन आणि एट्झेल यांनी 1982 मध्येच दाखवलं. चारचौघांत मिरवायची चैनीची वस्तू आणि घरात वापरायची गरजेची वस्तू यांतही फरक पडतो. म्हणून पैठणीबरोबर गादीबद्दलही तेच प्रश्न विचारा. गादीलाही पैठणीइतकेच गुण पडले, तर तुमची विधानं बिघडलेली आहेत असं समजा.

त्या चौघींच्या साड्या हा मात्र पुरावा नव्हे. एकच दुकान, एकाच वेळची सूट, मुळात आवड जुळली म्हणूनच एका भिशीत आलेल्या बायका, काहीही असू शकतं. कोण भिशीत कधी आली आणि कुणी पैठणी आधी घेतली, त्या तारखा विचारा.

आणि प्रश्नावली भिशीच्या दिवशी भरून घेऊ नका. एकीने मोठ्याने उत्तर दिलं की बाकीच्या तेच लिहितात. घरी, एकटीला गाठा. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर चहा घ्या, आणि दुसऱ्या दिवशी जा.