गाडीच्या पेडलवर अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेट बसवतोयस? आधी हे बघ

भावा, प्लेट झकास दिसतात, बसव की. पण घाई नको. ब्रेक आणि क्लचचं मूळ रबर आधी काढ. रबरावरच प्लेट ठोकलीस तर ती डुलत राहणार. नव्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर बहुतेक प्लास्टिकचा असतो, त्याला भोक पाडू नकोस, तडा जातो.

माझ्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरवर नुसती क्लिपवाली प्लेट होती. खंबाटकी घाट चढताना ती दोन बोटं खाली सरकली आणि तिची कड मॅटमध्ये अडकली. पाय उचलला तरी गाडी ओढतच होती. क्लच दाबून न्यूट्रल केली, कडेला घेतली, तेव्हा हात थरथरत होते. म्हणून मागून पट्टी लावून नट-बोल्टनं आवळायचा सेटच घे. मॅटही हुकात अडकव.

प्लेटवर रबराचे उंचवटे हवेतच. पावसाळ्यात यवतेश्वरचा घाट चढून कासला जाताना बूट ओले असतात, गुळगुळीत धातूवरून पाय सटकतो.

बसवून झाल्यावर इंजिन बंद ठेवून तिन्ही पेडल जातील तेवढे दाबून बघ, सोडल्यावर झटकन वर यायला हवेत. ब्रेक दाबताना अ‍ॅक्सिलरेटरला बूट लागत नाही ना, तेही रोजचाच बूट घालून बघ. चार-आठ दिवसांनी नट पुन्हा आवळ.