टाइमआउट मागून घे

प्रिय,

कबड्डी खेळणं थांबलंय पण मैदान सुटत नाही, हे तुझ्या पत्रातून कळलं. मंडळाचे सर ‘ये मदतीला’ म्हणाले, तर प्रशिक्षक व्हायला आधी एनआयएसचा (पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोर्स करू की त्यांच्या हाताखाली राहू, असं विचारतेस. आधी सरांकडे जा. एक-दोन हंगाम मैदानावर काढलेस की सहा आठवड्यांच्या सर्टिफिकेट कोर्समध्ये काय विचारायचं ते कळेल. वर्षभराचा डिप्लोमा त्यानंतर. मात्र पहिल्याच दिवशी सरांना विचार, ‘मी नेमकं काय करायचं?’ ‘मुलींकडे लक्ष दे’ एवढंच उत्तर आलं तर सावध हो.

आपल्याकडे मुलींचा संघ बाहेरगावी निघाला की सोबत बाई लागते. मग एखादी माजी खेळाडू शोधतात आणि तिला व्यवस्थापिका करतात. आधारच्या झेरॉक्स, जन्मदाखले, तिकिटं, रात्री खोल्यांच्या कड्या, कुणाला पाळी आली तर पॅड, सगळं तिच्याकडे. सामना सुरू झाला की बाकावर सर. ही कामं हलकी नाहीत. स्पर्धेच्या वजन तपासणीच्या आदल्या दिवसापासून कोण उपाशी आहे, कुणाचा गुडघा दुखतोय पण संघातून काढतील म्हणून ती गप्प आहे, हे मुली तुलाच सांगतील. पण ते सरांच्या कानावर घालून थांबलीस तर निरोप्याच राहशील. ‘पहिल्या हाफमध्ये तिला बसवूया, कारण असं असं आहे,’ इथपर्यंत बोल. सर ऐकतील किंवा ऐकणार नाहीत, पण निर्णयात तुझं मत आलं पाहिजे.

पहिले काही महिने वही धर. प्रत्येक चढाई लिही: कोण गेली, कुठल्या बाजूने, बोनस रेषेपलीकडे पाय टाकून जादा गुणाचा प्रयत्न केला का, बचावात आधी कोण हललं, टोकाचा कोपरा की आतला कव्हर. दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसऱ्या, करो या मरो चढाईला (गुण नाही तर बाद) ती काय करते, ते वेगळं लिही. घाबरलेली खेळाडू तिथेच उघडी पडते. मग किशोरी गट माग. लहान मुलींना अँकल होल्ड, म्हणजे घोट्याची पकड, शिकवताना तू स्वतः मॅटवर उतरून पकड दाखवू शकतेस. पुरुष प्रशिक्षकाला तिथे संकोच असतो, आणि असायलाही हवा. त्यानंतर सरावसामन्यात एक संघ तुझा, दुसरा सरांचा. सर यात मनापासून उतरले तर तुला चांगला गुरू मिळाला असं समज. मग एखाद्या स्पर्धेतला दुबळ्या संघाविरुद्धचा सामना माग, टाइमआउटसकट. ३० सेकंदांत एकच गोष्ट सांगून होते. ‘घाई करू नका’ म्हणजे काहीच न सांगणं. ‘त्यांची राईट रेडर बोनसला वाकते, कोपऱ्याने थांबायचं, हातांची साखळी सोडायची नाही,’ हे सांगणं.

प्रवेशिकेवर प्रशिक्षकाचा आणि व्यवस्थापकाचा रकाना वेगळा असतो. तुझं नाव कुठल्या रकान्यात जातंय ते स्वतः बघ. हंगाम संपला की मंडळाच्या लेटरहेडवर ‘सहायक प्रशिक्षक’ असं लिहिलेलं, तारखांसह पत्र घे. मानधन पहिल्या वर्षी नाही मिळालं तर चालेल. प्रवासखर्च मात्र पदरचा करू नकोस.

आणखी एक. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात क्रीडासंकुल आणि स्पर्धेचं ठिकाणही कामाची जागा धरलंय, आणि शिकाऊ किंवा बिनपगारी काम करणारीलाही संरक्षण आहे. सर कितीही मोठे असोत, ‘हे कुणाला सांगू नकोस’ असं म्हणू लागले तर तिथून निघ आणि सांग.

सरांखेरीज एक बाई प्रशिक्षकही शोध, खेळ दुसरा असला तरी चालेल. फार सापडणार नाहीत. टोकियो ऑलिंपिकमध्ये जवळपास निम्म्या खेळाडू महिला होत्या, प्रशिक्षकांत मात्र जेमतेम १३ टक्के. तरी नावं आहेत. २०१० च्या आशियाई स्पर्धेत महिला कबड्डी पहिल्यांदा आली आणि भारताने सुवर्ण जिंकलं, तेव्हा प्रशिक्षक होत्या सुनील डबास. नावावरून फसू नकोस, त्या बाई आहेत. प्रशिक्षकांना देतात तो द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना २०१२ मध्ये मिळाला. तिरंदाजीत पूर्णिमा महातो. आणि आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! इराणने महिला कबड्डी संघाला शिकवायला बोलावलं, त्या गेल्या, मुलींशी बोलता यावं म्हणून फारसी शिकल्या, आणि २०१८ मध्ये जकार्त्याच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या संघाने अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असं हरवलं. मला त्या विजयापेक्षा फारसीचं अप्रूप जास्त वाटतं. त्या वयात, परक्या देशात, शिकाऊ व्हायची तयारी!

जमलं तर मुलांच्या संघालाही शिकव. पहिले आठ दिवस हसतील. नंतर तुझ्या वहीत त्यांच्या चुका दिसल्या की हसणं थांबेल. घरी संध्याकाळच्या सरावावरून कटकट होईलच, स्वयंपाकाची वेळ आणि सरावाची वेळ एकच. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. माझ्या सासूबाई भाकऱ्या करायच्या, म्हणून माझं निभावलं.

जिल्हा निवड चाचणीच्या आधी सरांशी बोलून घे, नंतर त्यांना वेळ नसतो. वहीची पहिली पानं फोनवर फोटो काढून पाठव, मी लाल पेनाने खुणा करून परत पाठवते.

तुझी,
ताई