पिकलेली बोर्दो, बेताच्या पैशांत

प्रश्न : ताई, आमची मुलगी फ्रान्समध्ये बोर्दोला शिकते. ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत. एकदा तरी तिथली जुनी, मुरलेली बोर्दो वाइन चाखायची इच्छा आहे. पण नावाजलेल्या बाटल्यांचे भाव पाहून डोळे फिरले. बाटलीमागे 35 युरोच्या वर जायची तयारी नाही. हा नाद सोडावा का?
— वाचक, पुणे

उत्तर : मुळीच सोडू नका. मी इथे बोर्दोतच वाइनच्या दुकानात काम करते आणि स्वतःसाठी घेते ती याच भावातली. पाहुणे येतात, नामांकित वाइनच्या 1855 च्या यादीतलं एखादं नाव विचारतात, किंमत ऐकून गप्प होतात आणि सहा-सात युरोची कोवळी बाटली घेऊन जातात. मधल्या फळीकडे कोणी बघतच नाही.

त्या यादीचा एवढा धाक कशाला? पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनला यादी हवी होती. इथल्या दलालांनी चालू बाजारभाव बघून लाल वाइनच्या पाच पायऱ्या लावून दिल्या. एक ओ-ब्रियाँ सोडली तर सगळी नावं बोर्दोच्या उत्तरेकडच्या मेदोक भागातली. 1973 साली मूताँ-रोत्शील्डला दुसरीवरून पहिल्या पायरीवर चढवलं, तो त्यानंतरचा एकमेव मोठा बदल. त्या यादीत नसलेली, पण पंधरा-वीस वर्षं सहज टिकणारी वाइन करणारी घरं आजही मेदोकमध्ये आहेत. उत्तरेकडची पोतांसाक घ्या. यादीतल्या लेओव्हिल-लास-काझच्या मालकांचीच ती. क्यूसाकची लानेसाँ घ्या. मूलिसच्या शास-स्प्लीन आणि पूजो, नदीकाठची सोसियांदो-माले या तुमच्या बजेटच्या काठावर येतील, कधी थोड्या वर जातील. दुकानागणिक भाव बदलतो, चार ठिकाणी विचारा.

आता साल, म्हणजे द्राक्षं तोडली ते वर्ष. 2005, 2009, 2010, 2016 यांचा इतका गाजावाजा झालाय की त्या सालांची साधी बाटलीसुद्धा भाव खाते. तुम्ही 2014 किंवा 2008 मागा. 2014 चा ऑगस्ट गारठलेला होता. मग सप्टेंबर-ऑक्टोबर कोरडे, उबदार गेले आणि उशिरा पिकणाऱ्या काबर्ने सोव्हिन्यों द्राक्षाचं भलं झालं. 2012 चं उलट: ऑक्टोबरच्या पावसात काबर्ने सापडलं, आधी तोडणी झालेलं मर्लो जातीचं द्राक्ष वाचलं. म्हणून 2012 हवी असेल तर मर्लोच्या मुलखात, दोर्दोन्य नदीच्या उजव्या काठाला जा: फ्रोंसाक, लालाँद-द-पोमरोल, कास्तियाँ. (1453 साली शंभर वर्षांच्या युद्धाची शेवटची लढाई झाली ते हेच कास्तियाँ. बाटली याच बाजूच्या महागड्या पोमरोलच्या मानाने खूपच स्वस्त.) 2013 दाखवली तर नम्रपणे नाही म्हणा.

एक इशारा. जुनी झाली म्हणून कुठलीही बोर्दो चांगली होत नाही. सात युरोची वाइन दोन-चार वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते. पंधरा वर्षं ठेवली तर फळ निघून जातं, हाती आंबट पाणी उरतं. तरुणपणी जी जिभेला कोरड पाडते, कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी, तीच पुढे मुरते. हा तुरटपणा टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या सालीतल्या द्रव्याचा. वर्षानुवर्षं त्याचे कण एकमेकांना चिकटत जड होतात, काही तळाशी गाळ होऊन बसतात, आणि उरलेली वाइन मऊ लागते.

परवा दुकानात आम्ही 2008 ची सोसियांदो-माले उघडली. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरला तर मध्ये अजून गडद लाल, कडेला मात्र विटकरी झाक. पहिली दहा मिनिटं अगदी मख्ख. मग आधी ढोबळी मिरची आली (या घराच्या वाइनला तो वास बऱ्याचदा असतो, काहींना खपत नाही, मला आवडतो), मागोमाग देवदाराचं लाकूड, सुकी तंबाखू, ओला पालापाचोळा. फळ शेवटी, तेही दबक्या आवाजात. तुम्हाला नाशिकच्या ताज्या, फळांनी भरलेल्या शिराझची सवय असेल तर पहिल्या घोटाला ‘एवढंच?’ वाटेल. पेला ठेवून द्या, गप्पा मारा, वीस मिनिटांनी परत उचला.

दुकानदाराला एकच प्रश्न नक्की विचारा: ही बाटली इतकी वर्षं कुठे होती? ‘आमच्याच तळघरात’ हे उत्तर सगळ्यात चांगलं. सप्टेंबरच्या सुपरमार्केटमधल्या वाइन-जत्रा तुम्ही पोहोचेपर्यंत आटपत आलेल्या असतील. हळहळू नका, तिथे बहुतेक माल कोवळाच.

सोबत काय? इथले लोक द्राक्षवेलीच्या काटक्यांवर भाजलेलं गोमांस नाहीतर पोइयाकचं कोकरू खातात. मुलीच्या स्वयंपाकघरात तुम्ही अळणी मटण करा: हळद, मीठ, आलं-लसूण, बस्स. तांबड्या रश्श्यापुढे ही वाइन गेली म्हणूनच समजा. तिखटाने तिचं सगळं नाजूकपण मरतं आणि अल्कोहोल तेवढं घशाला जाळतं. भारतात परतताना माणशी दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येतं, म्हणजे दोघांच्या मिळून चार बाटल्या. घरी आल्यावर दोन-तीन आठवडे थंड जागी उभ्या ठेवा, गाळ बसू द्या. आणि पुण्याचा मार्च लागायच्या आत संपवा.

प्रश्न : निवृत्तीच्या वेळी मिळालेली 2003 ची बोर्दो कपाटात उभी आहे. पातळी बाटलीच्या खांद्याच्याही खाली गेली. प्यायली तर बाधेल का?
— वाचक, नाशिक

उत्तर : बाधणार नाही; आंबेल फार तर. 2003 हे युरोपातल्या प्रचंड उष्म्याचं साल, त्यातल्या पुष्कळ बाटल्या आधीच उताराला लागल्यात. त्यात कॉर्क सुकलं आणि वर नाशिकचे इतके उन्हाळे. अपेक्षा न ठेवता उघडा. व्हिनेगरचा किंवा शिळ्या सुक्यामेव्याचा वास आला तर मोरीत ओता. रश्शात घालून मटण मात्र वाया घालवू नका.

प्रश्न : जुनी वाइन पिण्याआधी तीन तास डिकँटरमध्ये (वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या भांड्यात) ठेवावी, असं मित्र सांगतो. खरं का?
— वाचक, म्यूनिक

उत्तर : तुमचा मित्र कोवळ्या, कडक वाइनबद्दल बोलतोय. वीस वर्षांच्या बाटलीला तीन तास हवा दिलीत तर जेवायला बसेपर्यंत वास उडालेला असेल. आदल्या दिवशी बाटली उभी करा. वाढायच्या जरा आधी, मानेखाली मोबाइलचा टॉर्च धरून, एका दमात पण सावकाश ओता. गाळाची रेघ खांद्याशी आली की थांबा. डिकँटर नसेल तर काचेचा जग चालतो. कॉर्कचा भुगा झाला तर धुतलेल्या मलमलीतून गाळा, चहाची गाळणी नको. आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर हवा देऊन काही सुधारणार नाही. तो दोष कॉर्कचा. बाटली तशीच बंद करून दुकानात परत न्या.